उणे चाळीस

धायरी फाटा, वैशाखातली दुपार.
गॅरेजचा पत्रा उन्हानं आपोआप कडकडतोय
आणि खळदकर बाईंची गाडी सांगतेय,
इंजिनात उणे चाळीस.

स्कॅनरवरचा आकडा हलत नाही.
गाडीला वाटतंय, आपण बर्फात उभ्या आहोत,
म्हणून ती पेट्रोल ओततेय, ओततेय.
सायलेन्सर चुलीसारखा काळा,
लिटरला जेमतेम आठ.

'दोनदा सेन्सर बदलला हो,' बाई म्हणतात.
'शोरूममध्ये. दोन्ही वेळा नवाकोरा.'
जुने दोन रुमालात बांधून आणलेत,
नातवाचे पडलेले दात जपावेत तसे.

मी तिसराही काढला,
टपरीवर जाऊन गेनूभाऊकडे पातेलं मागितलं.
'चहाचं आहे ते.'
'पाणीच तापवायचंय.'
'तुमचं पाणी. मग माझा चहा कोण पिणार?'
शेवटी कुत्र्याच्या दुधाचं जर्मनचं भांडं मिळालं.

सेन्सर तारेला टांगला, शेंड्यापुरता बुडवला,
मीटरचे चिमटे दोन पायांना.
नळाच्या पाण्यात दोन हजार ओहम.
कोमट झालं, हजार.
बोट घालवेना तेव्हा पाचशे.
बुडबुडे फुटायला लागले आणि दोनशेच्या खाली.
पुण्यात पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं,
घाट चढताना दोन अंश खाली राहिलेत,
तेही त्यानं बरोबर धरलं होतं.

रुमालातले दोघे बुडवले.
तेच आकडे, तीच उतरण.
गेनूभाऊ म्हणाला, 'आता साखर टाकू का?'

'बाई, केसातली पिन द्या.'
त्यांनी उपसली, अर्धा अंबाडा खांद्यावर आला.
प्लगच्या दोन भोकांत पिन रोवली.
आता गाडीनं बोंब मारायला हवी,
जळाले, जळाले, एकशेचाळीस!

उणे चाळीस.

निरोप वाटेत पडत होता.
वायर हातात धरून वीत वीत मागे गेलो,
बॅटरी उतरवली, ट्रे उचलला.
खाली वायरिंगच्या जुडग्यावर आडवा
दहाचा पाना.

दांड्यावर लाल ऑइलपेंटचा ठिपका.
आमच्या प्रत्येक हत्यारावर तो मीच लावतो.
गेल्या आषाढात ही बॅटरीही मीच बदललेली.
वर्षभर, वडगावच्या प्रत्येक खड्ड्याला
पाना वायरीवर घासत राहिला.
वरून नुसता चरा. आत तांबं हिरवं,
एक केसही धड नाही.

त्याच आठवड्यात मी बिरूला काढलं.
जतचा पोरगा, एकोणीस वर्षांचा,
डब्यात रोज भाकरी आणि शेंगाचटणी.
पाना कुठाय विचारलं, म्हणाला, मालक, मी नाही घेतला.
पुन्हा विचारलं. मी नाही घेतला.
आवाज चढवून विचारलं.
तेच, तितक्याच आवाजात.
मी त्याला खिसे उलटे करायला लावले होते,
इथंच, टपरीसमोर.

वायर जोडली, स्लीव्ह चढवली, लायटरनं आवळली.
किल्ली फिरवली.
सदतीस. चव्वेचाळीस. साठ.
आकडा पायरी पायरीनं वर गेला
आणि सत्त्याऐंशीला येऊन बसला.

'नेमकं काय होतं हो?'
गेनूभाऊ भांडं विसळायचा थांबला होता,
माझ्या हाताकडे बघत होता.
'वायर,' मी म्हणालो.
'आणि माझे किती झाले?'
'काही नाही.'
'असं कसं?'
मी पिन पुसून परत दिली.
तिला थोडं ग्रीस राहिलंच.

संध्याकाळी सिंहगड रोडला नेहमीची कोंडी.
बिरूचा नंबर जुन्या हँडसेटमध्ये होता,
तो हँडसेट कधीच मोडीत गेला.
जतमध्ये गाव कुठलं, तेही विचारलं नव्हतं.
पाना शर्टाच्या खिशात.
घरी पोचेपर्यंत लोखंड
अंगाइतकं गरम झालं होतं.